आमच्या शाखेचा संक्षिप्त इतिहास

दोन महिन्यांपूर्वी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. संस्थेचा सुवर्णमहोत्सव आहे, त्यानिमित्त स्मरणिका निघते आहे, तरी आपल्या कोराडी शाखेचा संक्षिप्त इतिहास अडीचशे शब्दांत, कागदाच्या एकाच बाजूस लिहून उलट टपाली पाठवावा. कोराडी शाखा बंद पडून पंचवीस वर्षं उलटली, हे मुख्य कार्यालयाला ठाऊक नाही. त्यात त्यांचा दोष नाही. मी त्यांना ते कळवलेलंच नाही.

संस्थेचं नाव सांगत नाही; कारण शाखेचा कार्यवाह म्हणून कागदोपत्री अजून मीच आहे. आरोग्यविषयक लेखन करणाऱ्यांची ही संस्था. यात डॉक्टर येतात, वैद्य येतात, औषधाच्या बाटलीबरोबरचं घडीचं पत्रक लिहिणारे येतात आणि रविवारच्या पुरवणीत केस गळण्यावर सल्ला देणारेही येतात. (त्यातले पुष्कळसे स्वतः टकले असतात, पण ते असो.)

आता अशी शाखा कोराडीत कशाला, असं तुम्ही विचाराल. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर आमचं गाव. लोकांना ते दोनच गोष्टींसाठी माहीत : जगदंबेचं देऊळ आणि विजेचं केंद्र. देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी वृद्धा दिसते अशी भाविकांची श्रद्धा. वीजकेंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला; त्याची धुराडी मात्र तिन्ही त्रिकाळ सारखीच दिसायची. केंद्राबरोबर वसाहत आली, वसाहतीबरोबर माणसं आली, माणसांबरोबर त्यांचे आजार आले आणि आजारांच्या मागोमाग मी दवाखाना थाटला.

संस्था काढणं हा डॉक्टरांचा जुनाच आजार आहे. मुंबईचे डॉ. आत्माराम पांडुरंग घ्या. १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन करून त्यांचं भागलं नाही. १८८३ साली पशुपक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत ते पुन्हा हजर! त्या आठांत भारतीय दोनच, आणि दोघेही डॉक्टर. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत. मराठीतून वैद्यक शिकणाऱ्यांचा वर्ग तिथे होता. पण वर्ग मराठी आणि वैद्यक इंग्रजी, मग पुस्तकं कुठून आणायची? ती शिक्षकांनीच लिहायची. सखाराम अर्जुनांनी ती लिहिली. मराठीत वैद्यकावर लिहिणाऱ्याला पहिली अडचण शब्दाची येते, हे त्यांना आमच्या शंभर वर्षं आधी कळलं असणार.

अमेरिकेतली गोष्ट तर मला फारच जवळची वाटते. तिथल्या वैद्यकीय लेखकांच्या मोठ्या संघटनेचा जन्म न्यूयॉर्कात वगैरे झाला नाही. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या मूठभर डॉक्टरांनी १९४० साली ती काढली, आणि नावही खोऱ्याचंच ठेवलं : मिसिसिपी व्हॅली मेडिकल एडिटर्स असोसिएशन. तिच्यामागे होते क्विन्सी नावाच्या गावातले एक्स-रेवाले डॉक्टर हॅरल्ड स्वानबर्ग. आठ वर्षांनी, १९४८ साली, तीच संघटना साऱ्या अमेरिकेची झाली. पुढे तिनं युरोपात शाखा काढली, आणि ती शाखा वेगळी चूल मांडून बसली. हे वाचून मी फार उत्साहात आलो होतो. आज कोराडी, उद्या खापरखेडा, परवा कामठी. नदी नसली तरी तलाव आहे!

शाखेला किमान सात सभासद लागत. सहा मिळाले. अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टर. नागपुरात १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालं आणि मेडिकल कॉलेज व्हायला १९४७ साल उजाडलं; आमचे अध्यक्ष मधल्या काळातले, म्हणजे स्कूलचे, आणि वागायलाही हेडमास्तरच. खजिनदार औषधाचे दुकानदार. एक वैद्यबुवा, एक शाळेतले विज्ञानाचे मास्तर, आणि बॉयलरवरचे एक इंजिनीअर, जे स्वतःच्या मूळव्याधीवर विनोदी लेख लिहीत. सहावा मी. सातवं नाव मिळेना तेव्हा मी आमच्या हिचं घातलं. बाळगुटीवर एका मासिकाला लिहिलेलं पत्र हे तिचं एकमेव प्रकाशित वाङ्मय. १९८१ साली शाखा सुरू झाली, आणि सभेला चहा आणायचं काम तिच्याकडे आपोआपच गेलं.

पहिली तीन वर्षं आम्ही काय केलं, हे इतिवृत्तात नीट लिहिलेलं आहे आणि म्हणून ते इथे सांगत नाही.

१९८४ च्या नवरात्रात मात्र काहीतरी भरीव करायचं ठरलं. यात्रेला हजारो माणसं येतात, उघड्यावरचं खातात, मिळेल ते पाणी पितात, आणि परतताना पोरांना हगवण लागते. तेव्हा मीठ-साखर-पाण्याची माहिती देणारी दोन हजार पत्रकं वाटायची.

या पाण्याचा इतिहास फार जुना नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या इस्पितळात डॉ. दिलीप महालनबीस होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं, माणसं जमिनीवर ओळीनं पडलेली. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तोंडानं द्यायला सुरुवात केली, आणि पाजायचं काम रोग्यांच्या आयाबहिणींवरच सोपवलं. जिथे शंभरात तीसेक माणसं दगावत होती तिथे हे प्रमाण चाराच्याही आत आलं. १९७८ साली 'लॅन्सेट'नं या उपायाला या शतकातली कदाचित सर्वांत मोठी वैद्यकीय प्रगती म्हटलं. मोठ्या शोधात साधारणपणे मोठं यंत्र असतं. इथे भांडं आणि चमचा. सगळी मदार प्रमाणावर, आणि प्रमाण आईला कळेल अशा दोन ओळींवर.

या दोन ओळी लिहायला आम्हाला पाच सभा लागल्या.

तीन सभा एका शब्दावर गेल्या. अंगातलं पाणी कमी होण्याला काय म्हणायचं? मास्तर 'निर्जलीकरण' म्हणाले. वैद्यबुवांना 'जलशोष' हवा होता. इंजिनीअर म्हणाले, "निर्जलीकरण बॉयलरचं होतं." शेवटी मतदान झालं आणि निर्जलीकरण चार विरुद्ध दोन मतांनी निवडून आलं. ही स्वयंपाकघरात होती. चौथी सभा संदर्भांवर गेली. काही वैद्यकीय मासिकांचे संपादक १९७८ साली कॅनडात व्हँकुव्हरला जमले होते आणि लेखाला संदर्भ कसे जोडावेत याचे नियम त्यांनी पुढच्या वर्षी छापून काढले. ते अध्यक्षांच्या हाती लागले होते. पत्रकाखाली व्हँकुव्हरच्या पद्धतीनं पाच संदर्भ हवेतच, असा त्यांचा आग्रह. देवीच्या दारात खेळणी आणि कुंकू घेणाऱ्या बाईला 'लॅन्सेट'चं पान नंबर सांगायचं! पाचव्या सभेत कागद लहान असल्याचं निमित्त सापडलं.

मजकूर मी लिहिला, प्रूफ मी तपासलं. निर्जलीकरणातला 'नि' ऱ्हस्व, 'ली' दीर्घ, हे दोनदा पाहिलं. पत्रकं छापून आली. घटस्थापनेला दोन दिवस होते. गठ्ठा टेबलावर ठेवून सभा सुरू झाली, आणि ही चहाऐवजी सात पेले पाणी घेऊन आली.

"हे काय?"

"तुमचंच ते. पत्रकात लिहिलंय तसं केलंय. सपाट चमच्यानं मोजून."

अध्यक्षांनी रीतसर मोठा घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही, ते आता हयात नाहीत. वैद्यबुवा परसात धावले. मी पत्रक उचललं. 'एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे मीठ व अर्धा चमचा साखर.'

छापखान्यावर तोंडसुख घ्यायला मी सरसावलो, तेवढ्यात मास्तरांनी हस्तलिखित काढलं. अक्षर माझंच. इंजिनीअर पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडत होते. "सपाट चमचा मीठ सहा ग्रॅम. सहा चमचे, छत्तीस. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅम असतं." मग मान वर करून म्हणाले, "डॉक्टर, समुद्र आपल्यापेक्षा जरा पातळ आहे."

कुणी हसलं नाही. मुंबई आमच्यापासून आठशे किलोमीटर, आणि जुलाबानं मलूल झालेल्या पोराला अरबी समुद्र पाजायची कृती मी दोन हजार प्रतींत छापून ठेवली होती. असल्या पाण्यानं पोराला झटके येतात, पोर जातं. आईनं ते शहाण्यांनी सांगितलं म्हणून पाजलं असतं. माझे हात गार पडले होते.

पुन्हा छापायला पैसे नव्हते, वेळही नव्हता. जाळून टाकावीत, असं मी म्हटलं. ही म्हणाली, "अहो, दोन शब्द तर बदलायचेत. मीठ आहे तिथं साखर करा, साखर आहे तिथं मीठ." मग थोडं थांबून, "आणि तो वरचा मोठा शब्द खोडा. 'निर्जलीकरण झाल्यास' पाजायचं म्हणजे पोराचे डोळे आत जाईपर्यंत वाट बघायची का? 'जुलाब लागताच' लिहा."

वैद्यक म्हणून ते बिनचूक होतं. मास्तरांनी एक सुस्कारा सोडला, पण पहिली काट त्यांनीच मारली.

शाखेच्या इतिहासात शंभर टक्के हजेरी लागलेली ही एकमेव सभा. रात्री नवाला बसलो ते पहाटे साडेतीनला उठलो. प्रत्येकाची पत्रकं दुसऱ्यानं तपासायची, आणि शेवटी सगळी हिनं. वैद्यबुवांची चाळीस नापास झाली.

यात्रेत आम्ही मांडव टाकून बसलो. पहिल्याच सकाळी एका बाईनं पत्रक उलटसुलट केलं आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, चमचे त लहान-मोठे राह्यते ना जी. कोन्ता चमचा?" पाच सभांत हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता. मी चहाचा चमचा दाखवला. ही पुढे सरकून म्हणाली, "बाई, आधी आपण चाखून पाहायचं. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर सरळ फेकून द्यायचं." पुढे कळलं की जाणकारही लोकांना असंच सांगतात. हिला ते कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. गेले दोन दिवस तिला चव घ्यायला पुष्कळ मिळालं होतं. (आता तयार पुडी कुठेही मिळते, २००२ पासून तिच्यातलं मीठ-साखरही कमी झालंय, तीच वापरावी.)

मार्चअखेर हिशेब तपासनिसाचा आक्षेप आला : 'साखर दोन किलो, मीठ एक पुडा, रिफिली सात, लेखनविषयक संस्थेस प्रयोजन काय?' त्याचं उत्तर अजून द्यायचं आहे.

स्मरणिकेसाठी मी अडीचशे शब्द पाठवले. काल प्रूफ आलं. त्यात छापलंय : 'शाखेने १९८४ च्या नवरात्रात दोन हजार पत्रकार वाटले.' प्रूफ मी हिच्याकडे दिलं आहे. ती चष्मा शोधते आहे.