विमान एंजिनाची देखभाल : इतिहास

विमानाचे एंजिन उड्डाणास सुरक्षित राहावे म्हणून त्याची नियमित तपासणी, सफाई, वंगण व दुरुस्ती करणे आणि झिजलेले भाग बदलणे यांस एंजिनाची देखभाल म्हणतात. एंजिन संपूर्ण उकलून प्रत्येक भाग तपासणे व पुन्हा जुळणी करणे यास ‘ओव्हरहॉल’ ही संज्ञा रूढ आहे. बंद पडलेली मोटारगाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानाच्या बाबतीत ही सोय नसल्याने दोष उड्डाणापूर्वीच शोधावा लागतो.

याचा प्रत्यय विमानविद्येच्या आरंभीच आला. राइट बंधूंचे सहकारी चार्ल्स टेलर यांनी बांधलेले चार सिलिंडरांचे एंजिन सु. १२ अश्वशक्तीचे होते. त्याची ॲल्युमिनियमाची ओतीव पेटी चाचणीत फुटल्याने दुसरी ओतवून घ्यावी लागली. पुढे २८ नोव्हेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे प्रचालक पंख्याच्या पोकळ दंडाला तडा गेल्याचे आढळले. ऑर्व्हिल राइट यांनी डेटन येथे जाऊन भरीव पोलादी दंड करून आणले व त्यानंतरच १७ डिसेंबर रोजी यशस्वी उड्डाण झाले.

पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या एंजिनांत एरंडेल तेल वंगण म्हणून वापरीत व ती थोड्याच तासांच्या वापरानंतर उकलावी लागत. एंजिनांची विश्वासार्हता झपाट्याने वाढली. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांच्या विमानाचे राइट व्हर्लविंड एंजिन अटलांटिक ओलांडताना सलग सु. ३३ तास चालले. दट्ट्याच्या एंजिनात दट्ट्यांची कडी, झडपा व धारवे घर्षणाने हळूहळू झिजतात. म्हणून ठराविक तास भरताच ओव्हरहॉल करण्याची पद्धत रूढ झाली. भारतात वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये बंगलोर येथे निघालेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात दुसऱ्या महायुद्धकाळी मित्रराष्ट्रांच्या विमानांची व एंजिनांची दुरुस्ती होत असे.

जेट एंजिनात संपीडक, ज्वलन कोठी व टरबाइन हे मुख्य भाग असून घासणारे भाग कमी असतात. त्यात मुख्य धोका असतो तो उच्च तापमानाचा आणि वारंवार बदलणाऱ्या ताणामुळे धातूस येणाऱ्या शिणवट्याचा. त्यामुळे चकत्यांसारख्या फिरत्या भागांचे आयुष्य तासांबरोबरच उड्डाणचक्रांतही मोजू लागले. एक उड्डाण व अवतरण मिळून एक चक्र होते.

सरसकट ओव्हरहॉलच्या उपयुक्ततेविषयी १९६० नंतर शंका घेतली जाऊ लागली. १९६८ मध्ये बोइंग ७४७ विमानासाठी देखभालीची नवी तर्कपद्धती आखण्यात आली. युनायटेड एअरलाइन्समधील नोलन व हीप यांनी १९७८ च्या अहवालात दाखविले की, अभ्यासलेल्या भागांपैकी केवळ सु. ११ टक्के भागांत वयानुसार बिघाड वाढतो. उलट अनेक भागांत जुळणीनंतर लगेचच बिघाडाची शक्यता अधिक असते. अकारण उकलणे हेच अशा वेळी धोक्याचे ठरते. यातून ‘अवस्थेनुसार देखभाल’ रूढ झाली. तीत एंजिन न उकलता बारीक नळीच्या दुर्बिणीने आतील पाती पाहतात, तसेच वंगणतेलातील धातुकण व तापमानाच्या नोंदी तपासतात.

ही पद्धत तपासणाऱ्याच्या दृष्टीवर किती अवलंबून आहे, हे १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे दिसून आले. डीसी-१० विमानाच्या शेपटीकडील एंजिनातील पंख्याची टिटॅनियमाची चकती हवेत फुटली, तुकड्यांनी द्रवचालित नियंत्रणाच्या तिन्ही यंत्रणा निकामी केल्या आणि विमानातील २९६ पैकी ११२ जण मरण पावले. टिटॅनियम वितळविताना राहिलेल्या सूक्ष्म दोषापासून तडा वाढत गेला होता. भेगेत शिरून जंबुपार प्रकाशात चमकणाऱ्या रंगद्रवाने चकतीची तपासणी १९८८ मध्ये झाली होती. त्या वेळी तडा दिसण्याइतका मोठा होता, तरी तो नजरेतून सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. त्यानंतर चकत्यांच्या तपासण्या अधिक कडक करण्यात आल्या.

१७ एप्रिल २०१८ रोजी बोइंग ७३७ च्या पंख्याचे पाते शिणवट्याने तुटून एका प्रवाशाचा मृत्यू झाला. तेव्हा अशा पात्यांची श्राव्यातीत तरंगांनी तपासणी सक्तीची झाली. आधुनिक देखभालीत दोन्ही तत्त्वे एकत्र नांदतात : ज्यांचे तुटणे प्राणघातक ठरेल असे फिरते भाग निर्दोष दिसले तरी ठरलेली चक्रे भरताच काढून टाकतात, तर इतर बहुतेक भाग त्यांच्या अवस्थेनुसार बदलतात.