संग्रहालयाची वास्तू कशी पाहावी : प्रस्तावना

आधुनिक कलेचे संग्रहालय पाहून आलेला माणूस चित्रांविषयी भरभरून बोलतो. ती चित्रे कोणत्या भिंतीवर होती आणि कोणत्या उजेडात दिसली, हे मात्र त्याच्या बोलण्यात क्वचितच येते. संग्रहालय-वास्तूचा अभ्यास सुरू होतो तो या दुर्लक्षित बाजूपासून. भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. भंडारा रोड स्थानकावरून नागपूरमार्गे भोपाळ गाठले, की भारत भवन हे कलाकेंद्र आहे.

वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी रचलेले भारत भवन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी खुले झाले. शामला टेकडीच्या उतारात, मोठ्या तलावाच्या काठी ते असे बसवले आहे की रस्त्यावरून दर्शनी भाग असा फारसा दिसतच नाही. वरच्या गच्चीवरून पायऱ्या उतरत आपण खालच्या चौकांत येतो आणि दालने त्या चौकांभोवती उघडतात. छतावरचे काँक्रीटचे झरोके आणि कठड्यांलगतच्या फटी यांतून उजेड आत येतो. शोभेसाठी केलेले काम जवळजवळ नाही.

या संयमाची तुलना पाश्चात्त्य दालनांच्या संयमाशी करावी लागते. बंद, पांढऱ्या, बिनखिडकीच्या खोलीत चित्र भोवतालच्या जगापासून तोडले जाते, अशी टीका कलासमीक्षक ब्रायन ओ’डोहर्टी यांनी १९७६ मध्ये केली. कोरियांचे दालन आकाशाशी नाते तोडत नाही. आपल्याकडच्या उन्हात सावलीचा चौक हीच सोय असते, हे वैदर्भीयाला सांगायला नको. पण आकाशाचा उजेड फुकट मिळत नाही. कागदावरच्या चित्रांचे रंग प्रकाशाने विटतात, म्हणून त्यांच्यासाठी सुमारे ५० लक्स (लक्स हे प्रकाशाचे माप) ही मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. वास्तुकाराची इच्छा आणि जतनाची गरज यांतली ही ओढाताण या विषयाचा गाभा आहे.

वास्तू मागे सरली, की दालनात काय ठेवायचे हा प्रश्न अधिक ठळक होतो. भारत भवनच्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयात चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी शहरी चित्रकारांबरोबर आदिवासी कलावंतांना बरोबरीचे स्थान दिले. मंडला भागातल्या पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांची कारकीर्द याच वास्तूच्या आधाराने घडली. ज्या जिल्ह्यात गोंड वस्ती आहे, तिथल्या वाचकाला ही दालने परकी वाटू नयेत. दुसऱ्या टोकाला, १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रे आकृती आणि कथा दोन्ही टाळतात. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. अशा चित्रांना गजबजलेली भिंत मानवत नाही.

साधी वास्तू म्हणजे तटस्थ वास्तू, हा समज या अभ्यासाच्या पहिल्या पायरीवरच सोडावा. कोणती भिंत कोरी ठेवायची, कोणाचे चित्र कोणाशेजारी लावायचे, पाहुण्याला कुठे थांबवायचे, हे सगळे कोणीतरी ठरवलेले असते.

तेव्हा पुढच्या खेपेला कोणत्याही संग्रहालयात गेलात, तर चित्राखालची पाटी वाचण्याआधी मान वर करून उजेड कुठून येतो ते पाहा. तिथून हा विषय तुमचा झाला.