कोळसून, लांडगा आणि दारातलं कुत्रं

चंद्रपूर-गडचिरोलीचा इतिहास आपण सांगतो तेव्हा त्यात गोंड राजे येतात, सागवान येतं, वाघ येतो. कुत्रं काही येत नाही. आज त्याच्याविषयी बोलू.

१८३१ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या लांडग्याचं आणि रानकुत्र्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. रानकुत्र्याचं मराठी नावही त्यानं नोंदवलं : कोळसून. नोंद झाली, ओळख मात्र झाली नाही. इंग्रजी अमलात या दोन्ही प्राण्यांना मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळायचं. शिकार जिवंतपणीच फाडतो म्हणून कोळसून क्रूर, असा शिक्का बसला. शिटीसारखी साद घालून पांगलेला कळप गोळा करणारा हा प्राणी माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, हे कोण बघणार?

त्याच काळात, १८७२ मध्ये, डार्विननं कुत्र्याच्या देहबोलीवर लिहिलं. रागावलेलं कुत्रं ताठ उभं राहतं, शेपूट वर, मानेवरचे केस उभे. तेच मालक दिसला की अंग वळवतं, कान मागे घेतं, शेपूट हलवतं. १९४७ मध्ये शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांमध्ये अशाच खुणा बारकाईनं टिपल्या. म्हणजे लिपी एकच. फरक एवढाच, की लांडगा मुख्यतः लांडग्याशी बोलतो. कुत्रं आपल्याशीही बोलतं. २०१९ च्या एका अभ्यासात भुवईचा आतला कोपरा उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठळक आढळला, लांडग्यांत जवळजवळ नाहीच. माणसाच्या सोबतीचा इतिहास असा चेहऱ्यावर उतरलाय!

आपल्याकडे ही लिपी वाचणं जिवाशी निगडित आहे. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला माणसं पहाटे जंगलात शिरतात. सोबतचं कुत्रं भुंकत पुढे धावलं तर एक गोष्ट. पण ते एकाएकी गप्प झालं, शेपूट पोटाशी घेऊन पायांत घुटमळू लागलं, तर तिथंच थांबावं. अर्थात कुत्रं म्हणजे पहारा नव्हे. बिबट्या त्याच्याच मागावर असू शकतो. आणि हलणारी प्रत्येक शेपूट लाडाची नसते. शेपूट ताठ, उंच आणि नजर रोखलेली असेल, तर ती ताकीद समजायची.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं लांडगा आणि कोळसून दोघांनाही संरक्षण दिलं. ज्याला मारायला पूर्वी पैसे मिळत, तो कोळसून पाहायला आज लोक पैसे मोजून ताडोबात जातात. प्राणी तोच आहे, त्याची भाषाही तीच. बदललो ते आपण, आणि तेही बऱ्याच उशिरा.