जाहिरातींच्या वैतागातून जन्मलेला रिमोट

युजीन मॅक्डोनाल्ड यांना जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. ते शिकागोच्या झेनिथ रेडिओ कंपनीचे सर्वेसर्वा, म्हणजे रेडिओ आणि टीव्ही विकणं हाच त्यांचा धंदा. नौदलात काम केलेलं असल्याने सगळे त्यांना ‘कमांडर’ म्हणत. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत घरोघरी टीव्ही येऊ लागला आणि त्याच्या पाठोपाठ जाहिरातीही आल्या. मॅक्डोनाल्ड यांचं ठाम मत होतं की जाहिरातींच्या जिवावर टीव्ही फार काळ तगणार नाही. लोक एक वेळ पैसे मोजतील, पण ही मधली कटकट सोसणार नाहीत. १९५१ मध्ये त्यांनी शिकागोतल्या ३०० घरांत ‘फोनव्हिजन’ नावाचा प्रयोग केला. टेलिफोनवरून मागणी नोंदवायची, की पडद्यावर जाहिरातींविना चित्रपट दिसायचा आणि त्याचे पैसे बिलात लागायचे. प्रयोग ९० दिवस चालला. त्या काळात कल्पना काही रुजली नाही, जाहिराती राहिल्याच. मग कमांडरसाहेबांनी आपल्या अभियंत्यांकडे दुसरा हट्ट धरला: जाहिरात थांबवता येत नसेल, तर निदान खुर्चीतून न उठता तिचा आवाज तरी बंद करता आला पाहिजे.

आज घरोघरी सोफ्याच्या फटीत हरवणाऱ्या रिमोटचं मूळ मला इथे दिसतं. दुरून यंत्र चालवण्याची कल्पना तशी बरीच जुनी. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्येच न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली होती. १९३९ च्या सुमारास फिल्को कंपनीने रेडिओसाठी बिनतारी पेटी काढली. तिच्यावर टेलिफोनसारखी तबकडी होती, ती फिरवली की दुसरं स्टेशन लागे. हे सगळं खरं असलं, तरी बसल्या जागेवरून ‘नको’ म्हणता यावं ही गरज टीव्हीने निर्माण केली आणि ती पहिल्यांदा नीट ओळखली मॅक्डोनाल्ड यांनी.

झेनिथचा पहिला रिमोट १९५० चा. नाव ‘लेझी बोन्स’, म्हणजे आळशी माणूस. त्याने टीव्ही चालू-बंद करता यायचा, चॅनल बदलता यायचा, पण तो जाड वायरने टीव्हीला जोडलेला होता. ही वायर दिवाणखान्यात आडवी पडायची आणि माणसं तिला अडखळायची. शिवाय आवाज बंद करण्याचं जे मुख्य काम, तेच त्याला जमत नव्हतं.

ते जमवलं युजीन पॉली यांनी. पॉली १९३५ मध्ये झेनिथच्या गोदामात सामान ठेवण्या-काढण्याच्या कामावर लागले आणि तिथून वर चढत अभियंते झाले. १९५५ मध्ये त्यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ बनवला. दिसायला अगदी बंदूक, चाप ओढला की उजेडाचा झोत निघे. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत उजेड ओळखणारे चार फोटोसेल बसवलेले. एका कोपऱ्यावर झोत मारला की टीव्ही चालू किंवा बंद, दुसऱ्यावर मारला की आवाज गुल, उरलेल्या दोन कोपऱ्यांनी चॅनल पुढे आणि मागे. कंपनीच्या जाहिरातीत आवर्जून सांगितलं होतं की लांबलचक जाहिरातीचा आवाज आता तुम्ही बंद करू शकता, चित्र मात्र पडद्यावर राहील. अडचण एकच होती, पण मोठी. फोटोसेलला बॅटरीचा उजेड आणि सूर्याचा उजेड यांतला फरक कळत नसे. खिडकीतून ऊन पडलं की चॅनल आपोआप फिरू लागे. कोणत्या कोपऱ्याने काय होतं हेही लोकांच्या लक्षात राहत नसे.

मग काम आलं रॉबर्ट अ‍ॅडलर यांच्याकडे. अ‍ॅडलर १९१३ मध्ये व्हिएन्नात जन्मले, १९३७ मध्ये तिथल्याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि नाझींच्या छायेतून निसटून अमेरिकेत आले. १९४१ पासून ते झेनिथमध्ये होते. पर्याय एकेक करून तपासले गेले. रेडिओलहरी घ्याव्यात, तर त्या भिंतीतून आरपार जातात, शेजाऱ्याच्या टीव्हीचं चॅनल बदललं असतं. ऐकू येणारा आवाज वापरावा, तर घरातली माणसं वैतागली असती. शिवाय विक्री विभागाची अट होती की रिमोटमध्ये सेल नको. सेल संपला तर गिऱ्हाईकाला वाटणार, टीव्हीच बिघडला.

अ‍ॅडलर यांनी काढलेला तोडगा मला या सगळ्या कथेत सर्वांत देखणा वाटतो. १९५६ मध्ये आलेल्या ‘स्पेस कमांड’ या रिमोटमध्ये ना सेल होते, ना वायर, ना दिवा. होत्या फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या चार कांड्या, प्रत्येकी साधारण साडेसहा सेंटिमीटर लांब, एकमेकींपेक्षा किंचित लहानमोठ्या. बटण दाबलं की स्प्रिंगवरची छोटी हातोडी सुटून कांडीच्या टोकावर ठोका द्यायची. जलतरंगातल्या भांड्यासारखी कांडी झणझणायची, फक्त तिचा सूर माणसाच्या कानाला पोचत नसे. आपला कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि या कांड्या ४०,००० हर्ट्झच्या आसपास वाजत. लांबी वेगळी म्हणून सूर वेगळा, सूर वेगळा म्हणून हुकूम वेगळा. टीव्हीतला मायक्रोफोन तो सूर ओळखून काम करायचा. माणसाला ऐकू यायची ती फक्त हातोडी सुटल्याची ‘टिक’. त्यावरूनच अमेरिकेत रिमोटला ‘क्लिकर’ हे नाव पडलं.

हे सूर ओळखण्यासाठी टीव्हीत सहा जादा व्हॉल्व्ह बसवावे लागले आणि संचाची किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर खर्च उतरला. किल्ल्यांचा जुडगा किंवा नाणी खुळखुळली तरी कधीकधी चॅनल बदले. तरीही ध्वनीवर चालणारे रिमोट पुढची २५ वर्षं टिकले आणि असे ९० लाखांहून अधिक टीव्ही विकले गेले.

‘रिमोटचे जनक’ हा मान जगाने अनेक वर्षं एकट्या अ‍ॅडलर यांना दिला. बिनतारी रिमोट आपण त्यांच्या आधी केला, ही पॉली यांची सल त्यांनी लपवली नाही आणि ती रास्तच होती. १९९७ मध्ये अमेरिकेच्या टीव्ही अकादमीने एमी पुरस्कार दिला, तेव्हा दोघांचीही नावं घेतली. उशिरा का होईना, न्याय झाला.

ध्वनीचा रिमोट मागे पडला तो बिघाडांमुळे नव्हे. त्याची शब्दसंपदा तोकडी पडली. १९७४ मध्ये बीबीसीने ‘सीफॅक्स’ सुरू केलं. टीव्हीच्या पडद्यावर बातम्या, हवामान, खेळांचे निकाल पानापानांनी वाचायची ही सोय. प्रत्येक पानाला तीन आकडी क्रमांक होता. तो टाकायचा तर रिमोटवर शून्य ते नऊ आकडे हवेत, आणि तेवढे निरनिराळे सूर कांड्यांनी काढणं अवघड. तोवर इन्फ्रारेड उजेड देणारे छोटे एलईडी आणि स्वस्त चिप हाताशी आल्या होत्या. आपल्या हातातला रिमोट त्या घराण्याचा.

त्याचं बोलणं कसं असतं, ते पाहण्यासारखं आहे. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. डोळ्याला काही दिसत नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर बहुतेक वेळा जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. लुकलुक दिसली तर रिमोट जिवंत, दोष टीव्हीत शोधावा. हा उजेड सेकंदाला साधारण ३८,००० वेळा चमकतो, म्हणजे उन्हातून किंवा ट्यूबलाइटमधून येणाऱ्या इन्फ्रारेडपासून टीव्ही त्याला वेगळं काढू शकतो. फ्लॅश-मॅटिकला जे साधलं नव्हतं ते असं साधलं. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाक असते, मग यंत्राचा क्रमांक, तोच क्रमांक उलटा करून, मग हुकूम आणि तोही उलटा करून. दोन्ही जुळले तरच टीव्ही ऐकतो. एवढा सगळा संवाद ७० मिलिसेकंदांच्या आत आटोपतो.

आपल्याकडे या कथेला वेगळं वळण आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा चॅनल एकच आणि जाहिराती नाहीतच. दूरदर्शनवर जाहिराती आल्या १ जानेवारी १९७६ पासून. तरी ‘नको’ म्हणून जायचं कुठे? पर्यायच नव्हता. टीव्हीच्या लाकडी पेटीची दारं सरकवायची, खटका फिरवायचा, गच्चीवर कुणाला तरी अँटेना हलवायला पाठवायचं. उठून आवाज कमी करण्याचं काम घरातल्या धाकट्याचं. जाहिरातींची गाणी तर मुलांना तोंडपाठ असत. रिमोटची गरज भासली ती १९९१-९२ मध्ये, केबल आली तेव्हा. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला, १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा टीव्ही मराठी आला आणि बोटाला चॅनल बदलण्याचा चाळा लागला.

महाराष्ट्राने तर हा शब्द थेट राजकारणात नेला. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांनी सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचं उघडपणे सांगितलं. घरात रिमोट येऊन थोडीच वर्षं झाली होती, तरी त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

आपण या वस्तूची निगाही आपल्या पद्धतीने राखली. आणल्या दिवशीच तिला प्लास्टिकचं कव्हर चढतं. चालेनासा झाला की तळहातावर दोन चापट्या आणि मागचं झाकण काढून सेल गोल फिरवणं. यात तथ्य आहे. सेलच्या टोकावर आणि स्प्रिंगवर गंजाचा पातळ थर बसतो, फिरवल्याने तो खरवडला जातो आणि वीज पुन्हा वाहते. एखादंच बटण रुसलं तर दोष बहुधा आत असतो. रबराच्या प्रत्येक बटणाखाली कार्बनची छोटी टिकली असते, ती खालच्या पट्ट्यांना टेकली की जोडणी होते. वर्षानुवर्षांच्या घामाने आणि धुळीने तिथे तेलकट थर धरतो. रिमोट उघडून कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसलं की बटण पुन्हा लागतं. ‘व्हॉल्यूम’चं बटण आधी झिजतं, हा बहुतेक घरांचा अनुभव आहे.

त्यालाही कारण आहे. जाहिरात लागली की आवाज वाढल्यासारखा वाटतो. जाहिरातीत हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर दाबून सगळंच मोठं केलेलं असतं, त्यामुळे कमाल पातळी तीच असूनही ती कानावर आदळते. अमेरिकेने यासाठी २०१० मध्ये कायदाच केला, तो डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. फ्लॅश-मॅटिकला तेव्हा ५७ वर्षं झाली होती.

त्याच २०१२ मध्ये मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि एकाऐवजी दोन रिमोट आले. चॅनल एकाने, टीव्ही चालू-बंद दुसऱ्याने. घरातल्या आजी-आजोबांची त्यात किती तारांबळ उडाली, हे बहुतेक घरांनी पाहिलं आहे. मग आले स्मार्ट टीव्ही. २०११ पासून रिमोटवर ‘नेटफ्लिक्स’चं बटण दिसू लागलं आणि आता अशी तीन-चार रंगीत बटणं असतात. ती जागा कंपन्यांनी पैसे मोजून घेतलेली असते. बऱ्याच नव्या रिमोटवरून शून्य ते नऊ आकडे गेले आहेत. काहींवर आवाज बंद करण्याचं वेगळं बटणही नाही. यूट्यूबवर जाहिरात टाळायची तर ५ सेकंद थांबा, आणि तेही टाळता येण्याजोगी असेल तरच. ज्या वस्तूचा जन्म पाहणाऱ्याच्या बाजूने झाला, तिच्यावर आता विकणाऱ्याची बटणं वाढत आहेत आणि पाहणाऱ्याची कमी होत आहेत. हे मला मान्य नाही.

अ‍ॅडलर फारसा टीव्ही पाहत नसत, त्यांना वाचनाची आवड होती. १५ फेब्रुवारी २००७ ला ते गेले, त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांचा पेटंटचा एक अर्ज प्रसिद्ध झाला होता, टचस्क्रीनमधल्या सुधारणेचा. पॉली २०१२ मध्ये गेले.

पुढच्या वेळी टीव्ही घ्यायला जाल, तेव्हा पडदा किती इंचांचा हे विचारण्याआधी रिमोट हातात घ्या. आवाज बंद करण्याचं बटण स्वतंत्र आहे का, अंधारात अंगठ्याला ते सापडतं का, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ते न विचारता दाबता येईल का, एवढं पाहा. नसेल तर दुकानदाराला तसं सांगा आणि दुसरा टीव्ही दाखवायला सांगा.