स्कॉलरशिपचा जादा तास

१९६२ साली पुण्यात डॉ. आप्पा पेंडसे यांनी प्रज्ञावंत मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. जळगावात आपली प्रबोधिनी म्हणजे चौथीच्या स्कॉलरशिपचा जादा तास! १९५४-५५ पासून राज्यात चालत आलेली ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवीला गेली.

बुद्धिमत्ता चाचणीतल्या सांकेतिक लिपीच्या प्रश्नांत दडलेला नियम शोधायला मी तिथेच शिकले. आज सॉफ्टवेअरमध्ये तेच करते. बाईंचे ऋण मोठेच. पण निवडलेली आम्ही मोजकी मुलं वर्गात थांबायचो, बाकीची घंटा झाली की घरी जायची. ती कोडी त्यांनाही आवडली असती का, हे तेव्हा आम्हाला सुचलंच नाही. मित्रमैत्रिणींनो, मेळाव्यात एक जादा तास भरवू या. यंदा सगळ्यांनी थांबायचं.