यमूच्या तोंडून



तळेघरला पाऊस धरला की आठ-आठ दिवस उघडत नाही. लावणी उरकलेली असते, वीज गेलेली असते, आणि बचत गटाची बैठक कुणाच्या तरी ओसरीवर चुलीच्या धुरात भरते. अशाच एका बैठकीत आम्ही ठरवलं, रेडिओसाठी गोष्टी लिहायच्या. घडलेल्या हकिगती नव्हेत, मनानं रचलेल्या गोष्टी.

आमच्यातल्या एकीनं लावणीच्या वेळी चिखलात वाकल्या वाकल्या एक गोष्ट सांगितली होती. नवरा गेलेली बाई, बांधावरची तिची चार हिरड्याची झाडं, आणि एका पहाटे दीर येऊन सगळा हिरडा झोडून नेतो. ऐकता ऐकता आमच्या हातातली रोपं हातातच राहिली होती. तीच गोष्ट तिनं वहीत लिहून आणली. पहिलं पान निसर्गरम्य सह्याद्रीच्या कुशीत गेलं. दुसऱ्या पानावर त्या अबलेला अपार दुःख झालं. दीर कुठंच नव्हता. आम्ही वाचून गप्प बसलो. तिनंच वही मिटली आणि म्हणाली, "शब्दच येईनात, मग ओढून आणले."

हे दुखणं आजचं नाही. मराठी कादंबरीनं ते जन्मापासून सोसलंय.

१८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. यमुना नवऱ्याबरोबर फिरते आणि जागोजागी विधवांचे हाल बघते. विषय केवढा जिवंत! पण बाबांना धर्माचा उपदेशही करायचा होता. त्यामुळं बायका बोलत असतात आणि मध्येच प्रवचन सुरू होतं. चार वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली. तिथं प्रवचनाच्या जागी अलंकार आले, योगायोग आले. लोकांनी ती आवडीनं वाचली, हेही खरंच. पण घरात कुणी तसं बोलत नव्हतं.

मग हरि नारायण आपटे आले. जन्म १८६४ चा. त्यांचीही सुरुवात उसन्या साच्यानंच झाली. १८८५ साली लिहायला घेतलेल्या 'मधली स्थिती'ला रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाच्या कादंबरीचा आधार होता. १८९० मध्ये त्यांनी पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः छापायला लागले. पुस्तक १८९३ ला निघालं. पुन्हा विधवेचीच गोष्ट, आणि पुन्हा नाव यमुनाच. पण ही यमू स्वतः बोलते. लहानपणचे भावाबरोबरचे खेळ, सासरची माणसं, नवऱ्याशी हळूहळू जुळलेलं मन, मग त्याचं जाणं, आणि शेवटी जबरदस्तीनं केलेलं केशवपन. 'मी' म्हणून सांगते, बाई बाईला सांगते तशी. एका पुरुषानं लिहिलंय याचा वाचताना विसर पडतो.

आम्हाला वाटतं, हरिभाऊंची लेखणी मोकळी झाली ती इथं. लेखक म्हणून उपदेश करायची जागाच उरली नाही. यमूला जे दिसलं तेवढंच लिहायचं, आणि यमू बोलेल त्याच शब्दांत. तिला अलंकार कुठून सुचणार?

आता कुणी म्हणेल, त्यांना आतून येत होतं, आम्हाला कुठं येतं? पण साप्ताहिक म्हटलं की दर आठवड्याला मजकूर छापखान्यात गेलाच पाहिजे. सुचो न सुचो, बसावं लागायचं. हे त्यांनी पाव शतकाहून जास्त काळ निभावलं. त्याचे तोटेही झालेच. त्यांच्या लिखाणात पाल्हाळ फार, काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. म्हणजे बळजबरी त्यांनीही केली, पण ती बसण्यापुरती. यमूच्या तोंडी परके शब्द काही कोंबले नाहीत.

त्याच काळात काशीबाई कानिटकर लिहीत होत्या. जन्म १८६१, सांगलीकडच्या आष्ट्याचा. नवव्या वर्षी लग्न झालं, शाळेचं तोंड पाहिलं नाही. बाईनं पुस्तक हातात घेणं लोकांना खपत नसतानाचा तो काळ. त्यांची 'रंगराव' कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपात आली. हरिभाऊंशी त्यांची मैत्री होती, पत्रव्यवहार होता. नवीन लिहिणाऱ्या बाईला वाचून दाखवायला एक माणूस लागतंच, हे आम्हाला ओसरीवर बसून चांगलं कळतं.

आमच्यातल्या एकीनं बी.ए.ला मराठी घेतलं होतं. तिनं बैठकीत यमूची सगळी गोष्ट सांगितली. वहीवाली बाई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या कागदावर दीर आला असता तर गावात ओळखला असता."

म्हणजे शब्द अडले नव्हते, तिनंच अडवले होते. डोंगर आणि अपार दुःख ही आडोशाला धरलेली ताटं होती. चिखलात बोललेलं वाऱ्यावर जातं, वहीतलं राहतं, ही तिची धास्ती. ती खोटी नाही. तिला त्याच घरात नांदायचंय, आणि झाडांचा वाद अजून मिटलेला नाही.

मग आम्ही गोष्टीतल्या बाईला दुसरं नाव दिलं, दुसरं गाव दिलं, पार जुन्नरच्या अंगाचं. दीर होता तो चुलत सासरा झाला. हिरडा मात्र हिरडाच ठेवला, कारण त्याचा तुरट वास तिला ठाऊक आहे, दुसऱ्या झाडाचा नाही. आणि सांगायचं 'मी' म्हणून. ती बोलत गेली, आमच्यातल्या एकीनं उतरवून घेतलं. दुसऱ्याच ओळीत चुलत सासरा काठी घेऊन झाडाखाली उभा राहिला.

चार पानं झाली. व्यापाऱ्याच्या काट्यावर दोघं समोरासमोर येतात, तिथं गोष्ट थांबली. ती बाई त्याला काय म्हणाली? आम्ही एक-दोन वाक्यं सुचवून पाहिली. तिनं मान हलवली, "असं ती बोलणार नाही." रेडिओवर वाचायची पाळी पुढच्या महिन्यात आहे. तेवढी जागा वहीत कोरी सोडलीय, आणि दर बैठकीला वही तिच्यापुढं ठेवतो.