शिलोत्र्यांचे बांध

पेणजवळची भोगावती आणि अंबा, रोह्याची कुंडलिका. पावसाळ्यात या नद्या डोंगरावरून वेगाने उतरतात आणि खाडीत त्यांची भरतीशी गाठ पडते. पूर तुंबतो, खारे पाणी शेतात शिरते. म्हणजे इथल्या बांधाला दोन पाण्यांशी झुंजायचे असते.

खाजण पिकाखाली आणायचे तर आधी चिखलमातीचा बाहेरकाठा घालतात. ओहळाच्या तोंडाशी उघाडी बसवतात. भरतीच्या दाबाने तिचे झडप मिटते. ओहोटीला आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. वर्गात पुठ्ठ्याची उघाडी करून हे सहज दाखवता येईल. मग काही पावसाळे क्षार धुऊन निघाले, की राता हा खार सोसणारा तांबडा भात पेरतात.

एवढा खर्च करी कोण? बांध घालून तो राखणारे शिलोत्री. त्याबदली त्यांना बिघ्यामागे ठरावीक भात मिळे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात या पद्धतीची नोंद आहे. आम्हाला यातली खरी गोम वेगळीच वाटते. खांड एका जागी पडते, पण बुडतात सगळ्यांची शेते. भात घेऊन डागडुजी टाळणाऱ्या शिलोत्र्यापुढे एकटा कूळ काय करणार?

१९४८ मध्ये मुंबई राज्याने आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारभूमीचे कायदे केले. बांध सरकारी झाले. पावसाआधी चिखल टाकायला गाव मात्र पूर्वीसारखे जमेना. फुटलेल्या बांधाआड काही वर्षांत खारफुटी उगवते, आणि २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती तोडता येत नाही.